कुलकर्णी : एका पदाची कुळकथा

१/
इ. स. १५१८. अहमदनगरचा कोवळ्या वयाचा सुलतान बुऱ्हाण निजामशाह याच्या फौजा वऱ्हाडच्या इमादशाहीच्या हद्दीत शिरल्या. त्यांचे लक्ष्य होते गोदावरीच्या उत्तरेकडील पाथरी, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातील पाथरी. किल्ला पडला आणि परगणा निजामशाहीत आला. इतिहासकार फिरिश्ता या चढाईमागचे एक कारण नोंदवतो आणि ते वाचून कोणीही थबकावे. सुलतानाच्या पूर्वजांचे कुलकर्णीपण पाथरीचे होते!

२/
आज महाराष्ट्रात 'कुलकर्णी' हे आडनाव सांगितले तर कोणी मान वर करून पाहत नाही, इतके ते परिचयाचे आहे. शाळेच्या एकेका वर्गात दोन-तीन कुलकर्णी असतात आणि एकमेकांशी त्यांचे काडीचेही नाते नसते. असे का? हे आडनाव आले कोठून, त्याचा अर्थ काय आणि ते इतके पसरले कसे? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शोधताना एका पाथरीतूनच बरेच काही हाती लागते.

३/
प्रथम निजामशाहीचे मूळ. अहमदनगरच्या राज्याचा संस्थापक मलिक अहमद. त्याचा पिता मलिक हसन निजामुल्मुल्क बहिरी हा बहमनी दरबारातला प्रबळ सरदार. १४८१मध्ये महमूद गवानचा वध झाल्यावर वजिरी त्याच्याकडे आली. फिरिश्ता सांगतो की हा मलिक हसन जन्माने ब्राह्मण होता. मूळ नाव तिमाभट, पित्याचे नाव भैरव ऊर्फ बहिरू. घराणे पाथरीच्या कुलकर्ण्यांचे. काही कारणाने ते विजयनगरच्या मुलखात गेले. तेथे बहमनी सैन्याच्या स्वारीत मुलगा कैद झाला आणि पुढे मुसलमान झाला.

४/
'बहिरी' या उपनामाविषयीही दोन कथा आहेत. एक अशी की पित्याचे 'बहिरू' हे नाव फारसी जिभेवर 'बहरी' झाले. दुसरी अशी की बहरी म्हणजे शिकारी ससाणा, आणि मलिक हसनकडे शिकारी पक्ष्यांचे खाते होते म्हणून ते नाव पडले. कथा कोणतीही खरी असो, निजामशाही सुलतान हे उपनाम अभिमानाने लावत राहिले. एका राजवंशाच्या नावात पाथरीच्या एका कुलकर्ण्याचे नाव दडलेले असण्याची शक्यता आहे, ही गोष्ट लहान नव्हे.

५/
फिरिश्त्याच्या वृत्तान्तानुसार बुऱ्हाणशाहाने प्रथम युद्ध मागितले नव्हते. पाथरीच्या बदल्यात दुसरा मुलूख देतो, असा प्रस्ताव इमादशाहाकडे गेला होता. तो नाकारला गेला, पाथरीची तटबंदी वाढवली गेली, आणि मग तलवार निघाली. पुढे इमादशाहाने ती परत घेतली. १५२७च्या सुमारास बुऱ्हाणने पुन्हा वेढा घालून ती जिंकली, किल्ला पाडून टाकला आणि परगणा आपल्या ब्राह्मण नातलगांकडे सोपवला. हा कलह पुढे इतका वाढला की खानदेश आणि गुजरातचे सुलतानही त्यात ओढले गेले.

६/
अर्थात केवळ पूर्वजांच्या प्रेमापोटी राज्ये लढत नाहीत. पाथरी हा गोदाकाठचा सुपीक, सीमेवरचा परगणा होता. अकबराच्या काळातील 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या एका सरकारचे ठाणे म्हणून पाथरीचे नाव येते. असा प्रदेश कोणालाही हवाच असणार. तरीही मागणीचे कारण म्हणून एक सुलतान वडिलोपार्जित कुलकर्णीपणाचा उल्लेख करतो आणि समकालीनांना ते हास्यास्पद वाटत नाही. 'वतन' या शब्दाचे वजन त्या काळी किती होते, हे यावरून उमगते.

७/
आता शब्दाकडे. 'कुलकर्णी' म्हणजे कुलाची कीर्ती वाढवणारा, असा अर्थ अनेकदा हौसेने सांगितला जातो. तो ऐकायला गोड आहे, पण बरोबर नाही. येथील 'कुल' म्हणजे घराणे नव्हे. ते 'कूळ' आहे, म्हणजे जमीन कसणारा आणि तिचा सारा भरणारा रयत. 'कूळकायदा' या शब्दातले कूळ तेच. जुन्या लेखनात 'कुळकर्णी' असे रूप सर्रास आढळते, आणि त्यातला 'ळ' मूळ अर्थाची साक्ष देतो.

८/
दुसरा अवयव 'करण'. करण म्हणजे लेखन, हिशेब, दप्तर. लेखनाचे काम करणारा तो 'करणिक'. आंध्रातील गावच्या हिशेबनिसाला 'करणम्' म्हणत, तो शब्दही याच गोत्रातला. तेव्हा कुळकर्णी म्हणजे कुळांचा हिशेब लिहिणारा. कोणी किती जमीन पेरली, कोणाकडे किती सारा निघतो, किती भरला, किती राहिला, हे ज्याच्या वहीत उतरते तो माणूस. हा शब्द मुळात एका हुद्द्याचा आहे. घराण्याचे नाव तो फार नंतर झाला.

९/
जुन्या दख्खनी गावाच्या कारभाराला दोन खांब होते. पाटील हा गावाचा मुख्य. वसुली, बंदोबस्त, मानपान त्याचे. कुलकर्णी हा त्याच्या शेजारी बसणारा लेखक. परगण्याच्या पातळीवर हीच जोडी देशमुख आणि देशपांडे या नावांनी दिसते. मोगल कागदांत देशमुखाला चौधरी आणि देशपांड्याला कानूनगो म्हटलेले आढळते. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, चौधरी, कानूनगो. आज ही सगळी आडनावे आहेत, पण काही शतकांपूर्वी ही एका यंत्राची चाके होती.

१०/
या यंत्राचे इंधन कागद होते. लावणीचा कागद, पाहणीचा कागद, कुळवार बाकी, जमाबंदी. लिपी मोडी, बोरू आणि शाई. गावात वाचता-लिहिता येणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे कुलकर्ण्याने लिहिले तेच खरे ठरे. सरकार बदलले, बहमनी गेली, निजामशाही आली, मोगल आले, आसफजाही आली, तरी नव्या सत्तेला पहिली गरज त्याच वहीची पडे. कारण सारा कोणाकडून किती घ्यायचा, हे दुसऱ्या कोणाला ठाऊकच नसे.

११/
हे पद वतनी होते, हा कळीचा मुद्दा. वतन म्हणजे वंशपरंपरेने चालणारा हक्क. कामाच्या मोबदल्यात इनाम जमीन, गावाच्या उत्पन्नातील ठरलेला वाटा आणि मान. वतन बापाकडून मुलाकडे जाई, भावाभावांत वाटले जाई, विकलेही जाई. अशा वाट्याला तक्षीम म्हणत. काही ठिकाणी भाऊबंद पाळीपाळीने एकेक वर्ष काम पाहत. वतनाचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालत, आणि मराठ्यांच्या इतिहासाचे कितीतरी अस्सल कागद आज उपलब्ध आहेत ते याच तंट्यांच्या कृपेने.

१२/
आडनावाच्या प्रसाराचे रहस्यही या वतनातच आहे. जवळजवळ प्रत्येक गावाला एक कुलकर्णी असे. गावे हजारो, म्हणजे परस्परांशी संबंध नसलेली कुलकर्णी घराणीही हजारो. पुन्हा प्रत्येक घराण्यात वाटेकरी वाढत गेले. प्रत्यक्ष वही एकाच्या हाती असली, तरी नावाला सगळे भाऊबंद कुलकर्णीच. एखादे घराणे वाढून आडनाव पसरते, तसे येथे झालेले नाही. एकच हुद्दा गावोगाव होता, म्हणून नाव गावोगाव उगवले.

१३/
म्हणूनच कुलकर्णी हे कोणा एका जातीचे किंवा पोटजातीचे आडनाव नाही. देशस्थ ब्राह्मणांत ते सर्वाधिक दिसते, कारण देशावर हे काम बहुतांशी त्यांच्याकडे होते. पण कऱ्हाडे, सारस्वत आणि लिंगायत कुलकर्णीही आहेत. कर्नाटकाच्या उत्तर भागात हे आडनाव मराठवाड्याइतकेच रुळलेले आहे. तिकडेच, कारवार आणि दक्षिण कानडाच्या पट्ट्यात, याच कामाला 'शानभोग' म्हणत, आणि 'शानभाग' हे आडनाव त्यातून आले. शब्द निराळा, हातातली वही तीच.

१४/
मग या मंडळींना त्याआधी उपनाव नव्हते काय? अनेकांना होते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'भक्तविजय'कार महिपती (१७१५–१७९०). राहुरीजवळच्या ताहराबादचे कुलकर्णीपण त्यांच्या घरी होते, परंतु घराण्याचे उपनाव कांबळे. कथा अशी सांगतात की पूजेला बसले असताना सरकारी बोलावणे आले, जावे लागले, आणि परत आल्यावर त्यांनी ठरवले की ही लेखणी यापुढे संतचरित्रांखेरीज कशासाठीही उचलायची नाही. सारा लिहिणारा हात संतांची चरित्रे लिहू लागला.

१५/
आज 'कांबळे' हे नाव ऐकताच मनात येणारा समाज आणि अठराव्या शतकातील महिपतींचे घर यांत केवढे अंतर आहे! आडनावावरून जात, कुळ किंवा मूळ ठरवण्याची सवय किती भुसभुशीत जमिनीवर उभी आहे, हे दाखवायला एवढे एक उदाहरण पुरे. पद मिळाले की उपनाव मागे पडते, पद गेले की कधी ते परत येते, कधी येत नाही. ज्ञानेश्वरांच्या घराण्याकडेही पैठणजवळच्या आपेगावचे कुलकर्णीपण होते, अशी परंपरा आहे. तेथेही कुलकर्णी हा अधिकार होता.

१६/
पदाचे पक्के आडनाव कधी झाले? त्याला कोणती एक तारीख नाही. एकोणिसाव्या शतकात शाळांची हजेरीपटे, न्यायालयांचे दावे, नोकरीच्या नोंदवह्या आल्या. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि तिसरा एक रकाना. हा तिसरा रकाना भरायचा म्हटल्यावर कोणी गावाचे नाव लिहिले, कोणी जुने उपनाव, कोणी हुद्दा. एकदा शाळेच्या दाखल्यावर नाव चढले की ते पुढच्या सगळ्या पिढ्यांचे झाले. कागदाने कुलकर्ण्याला गावात मोठे केले होते, शेवटी कागदानेच त्याला आडनाव दिले.

१७/
याच जिल्ह्याच्या परिसरात इतर मार्गही दिसतात. नरहर कुरुंदकरांचे आडनाव वसमतजवळच्या कुरुंदा गावावरून, त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांचे नांदापूर गावावरून. ही दोन्ही गावे तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. १९९९मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यावर ती तिकडे गेली. परभणीच्या कृषी विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते वसंतराव नाईक मूळचे राठोड. तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणतात आणि तो मान घराण्यात असल्याने नाईक हेच आडनाव झाले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते पंजाबराव देशमुख मूळचे कदम. दोन विद्यापीठे, दोन नावे, दोन्ही पदे.

१८/
लेखणीवरून आडनाव पडणे ही काही केवळ दख्खनची गोष्ट नव्हे. आयर्लंडमध्ये 'ओ क्लेरी' हे आडनाव आहे. 'क्लेरेक' म्हणजे लेखक किंवा धर्मसेवक, त्याचा वंशज तो ओ क्लेरी. युरोपातील अतिप्राचीन वंशपरंपरागत आडनावांत त्याची गणना होते. या घराण्याची एक शाखा डॉनेगॉलच्या ओ डॉनेल सरदारांची पिढीजात इतिहासकार होती. म्हणजे तेथेही लेखन हे एक प्रकारचे वतनच. इंग्रजी अंमलात अनेकांनी हे नाव 'क्लार्क' असे करून घेतले. अर्थ टिकला, भाषा गेली.

१९/
१६०७मध्ये अल्स्टरचे सरदार देश सोडून गेले आणि ओ क्लेरींचा आश्रय संपला. त्यानंतर याच घराण्यातील मिहॉल ओ क्लेरी या धर्मबंधूने सहकाऱ्यांसह १६३२ ते १६३६ या काळात जुन्या हस्तलिखितांवरून आयर्लंडचा बखरवजा इतिहास सिद्ध केला. 'चार आचार्यांची वार्षिकी' म्हणून तो प्रसिद्ध आहे. सत्ता गेल्यावर तेथील लेखकाने गेलेल्या सत्तेची आठवण लिहिली. दख्खनच्या कुलकर्ण्यावर ती वेळ आली नाही. सत्ता गेली तरी दुसरी येई, आणि तिलाही त्याची वही हवी असे.

२०/
त्या वहीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्याचे नाव वहीत लिहिले जाई, त्या कुळाला ती वाचता येत नसे. बाकी किती, भरणा किती, हे तो ऐकूनच जाणे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये निरक्षर शेतकऱ्याची कागदी नाडवणूक करणाऱ्या कारकुनांवर आणि कुलकर्ण्यांवर प्रखर टीका आहे. १९१३मध्ये 'दीनमित्र'कार मुकुंदराव पाटील यांनी 'कुलकर्णी लीलामृत' हे उपहासकाव्य प्रसिद्ध केले. प्रामाणिक कुलकर्णी नव्हते असे नाही. परंतु अक्षर एकाच्या हाती आणि घाम दुसऱ्याचा, अशी रचना असली की प्रामाणिकपणा हा व्यक्तीच्या मर्जीचा भाग उरतो.

२१/
या रचनेवर पहिला मोठा घाव कोल्हापुरात बसला. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील तरुणांनाही त्या जागी संधी दिली. हक्काची जागा नोकरी झाली. जन्माने मिळणारी वही शिक्षणाने मिळू लागली. कागदावर हा एक महसुली बदल होता. गावाच्या दृष्टीने मात्र चावडीवर कोण बसणार, हा शतकानुशतकांचा प्रश्न त्याने पुन्हा उघडला.

२२/
परभणी तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात. तेथे सरकारी भाषेत कुलकर्ण्याला 'पटवारी' म्हणत. वरच्या दप्तराची भाषा आधी फारसी, पुढे उर्दू. गावच्या बोलण्यात मात्र कुलकर्णी हाच शब्द टिकला. एका माणसाला गाव एक नाव देई आणि सरकार दुसरे. मराठवाड्यात कुलकर्णी आणि पटवारी ही दोन्ही आडनावे आढळतात, त्याचे कारण हेच. काम एकच असले, तरी नोंद कोणी कोणत्या भाषेत केली यावर आडनाव ठरले.

२३/
सप्टेंबर १९४८मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतरची काही वर्षे या शब्दाच्या इतिहासात विलक्षण आहेत. १९५०मध्ये मुंबई राज्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द करण्याचा कायदा केला. त्याच १९५०मध्ये हैदराबाद राज्याने कूळवहिवाट व शेतजमीन कायदा केला आणि मराठवाड्यातील जमीन कसणाऱ्याला 'संरक्षित कूळ' म्हणून उभे राहण्याचा हक्क दिला. पुढच्या तरतुदींनी अनेकांना मालकीही मिळाली. 'कुळकर्णी' या शब्दाचे दोन तुकडे जणू एकाच वर्षी वेगळे झाले. 'करण' गेले आणि 'कूळ' कायद्याच्या मथळ्यावर आले.

२४/
याच काळात परभणीत एक कुलकर्णी निराळ्या लेखणीने लिहीत होते. जन्म १५ ऑगस्ट १९१३, सातोना, तेव्हाचा परभणी जिल्हा. सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी. संपूर्ण नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. मराठी साहित्य त्यांना 'बी. रघुनाथ' म्हणून ओळखते. भगवानचे इंग्रजी आद्याक्षर आणि पित्याचे नाव, बस्स. कविता, कथा, कादंबरी या तिन्ही प्रांतांत निजामी राजवटीतील मराठवाड्याला शब्द देणारा हा लेखक १९५३मध्ये अवघ्या चाळिसाव्या वर्षी गेला. आडनाव त्यांनी साहित्यात आणलेच नाही. परभणीने मात्र सभागृहाला आणि साहित्यसोहळ्याला त्यांचे तेच दोन शब्दांचे नाव दिले.

२५/
वतने गेली, पण त्या वह्यांचा अंमल संपला असे कोणी समजू नये. २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामानिमित्त मराठवाड्यात निजामकालीन दप्तरे पुन्हा उघडली गेली. 'कुणबी' अशी नोंद कोठे सापडते, हा शोध होता. तपासायच्या कागदांच्या यादीत खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कूळ नोंदवही ही नावे होती. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. गावपातळीवर एखाद्या पटवाऱ्याने सहज ओढलेली एक रेघ त्याच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी कोणाच्या तरी नातवाचे भवितव्य ठरवू शकते, हे सगळ्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले.

२६/
ज्या तरुण वाचकांचे आडनाव कुलकर्णी, देशपांडे, पाटील, देशमुख किंवा नाईक आहे, त्यांच्यासाठी येथे एक शोध वाट पाहत आहे. या नावाखाली दुसरे उपनाव आहे काय? घरातील मोडी कागद, वतनाच्या वाटणीपत्रांच्या नकला, कुळदैवत, त्र्यंबकेश्वर-पैठणसारख्या क्षेत्रांतील तीर्थोपाध्यांच्या वंशावळी, यांत ते सापडू शकते. कोणत्या गावचे कुलकर्णीपण होते, हे कळले की अर्धे काम झाले. त्या गावात जाऊन जुन्या वाड्यापेक्षा जुन्या नोंदी आधी पाहाव्यात. वाडा पडतो, नोंद बहुधा उरते.

२७/
आणि ज्यांचे आडनाव यांपैकी कोणतेच नाही, त्यांचाही या शब्दावर तितकाच हक्क आहे. पाथरीचे कुलकर्णीपण हवे म्हणून सुलतान लढला, हे फिरिश्त्याने लिहून ठेवले. त्या कुलकर्णीपणाच्या मुळाशी असलेली पाथरीची कुळे, गोदेच्या काळ्या मातीत जोंधळा पेरणारी ती माणसे, यांची नावे मात्र कोणत्याही तवारिखेत नाहीत. ती असलीच तर वहीत होती, बाकीच्या आकड्यासमोर. या आडनावाचा पहिला शब्द त्यांचा आहे. कुलकर्णी हे नाव उच्चारताना प्रत्येक वेळी कुळाचा उच्चार आधी होतो, लेखकाचा नंतर.